हायपेशियाचे वडील

सरांना जिवंत माणसांची नावं लक्षात राहत नसत. मेलेल्यांची मात्र तोंडपाठ. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी कोण कुणाचा शिष्य होता आणि कोण कशानं मेला, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी बिनचूक सांगत; पण कॉलेजात शेजारच्या वर्गात जन्मभर रसायनशास्त्र शिकवणाऱ्या गृहस्थांना ते शेवटपर्यंत 'अहो, तुम्ही हे' अशीच हाक मारत राहिले.

तत्त्वज्ञान घेणारी मुलं मुळात मूठभर, त्यातली निम्मी दुसरीकडे कुठे वर्णी लागली नाही म्हणून आलेली. तीही सरांच्या लक्षात राहीनात. मग सरांनी एक युक्ती काढली. पहिल्याच तासाला प्रत्येकाला काहीतरी विचारायचं आणि त्याचा एकंदर रागरंग बघून एखाद्या जुन्या तत्त्वज्ञाचं नाव त्याला चिकटवून टाकायचं. खिडकीबाहेर बघत बसणारा तो थेलिस. मूळचा थेलिस म्हणे तारे बघत चालताना विहिरीत पडला होता. कपड्यांची शुद्ध नसलेला आणि कुणाची भीडभाड न ठेवणारा तो डायोजेनिस, कारण मूळचे महाशय एका मोठ्या रांजणात राहत असं सांगतात. आणि एक किडकिडीत मुलगा होता, तो काहीही विचारलं की 'खात्रीनं नाही सांगता येणार, सर' म्हणायचा. त्याचा झाला पायरो. मूळच्या पायरोला कशाचीच खात्री वाटत नसे; समोरून येणारी गाडी खरी की भास याचाही त्याला संशय, त्यामुळे मित्र त्याला दंड धरून बाजूला ओढत, अशी एक जुनी गोष्ट आहे. त्या मुलाला हे नाव इतकं आवडलं, की पुढे मोठा झाल्यावरही तो सरांना फोन करून 'सर, पायरो बोलतोय' असंच म्हणायचा.

घरात एकच मुलगी. तिचं कागदोपत्री नाव वेगळं होतं, पण बोलता येण्याआधी ती वाटाण्याचे दाणे सारख्या रांगांत लावायला लागली आणि सरांनी तिचं नाव हायपेशिया ठेवलं. मूळची हायपेशिया गणित आणि तारे जाणणारी, मोठमोठ्यांना शिकवणारी बाई. तिला बापानंच शिकवलं होतं, आणि सरांचा खरा अभिमान त्या एका तपशिलात होता. सरांच्या बायकोनं विचारलं, "आणि तिचं पुढे काय झालं?" सरांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी सांगितलं, की जमावानं तिला गाडीतून ओढून काढलं आणि हालहाल करून मारलं. बायकोच्या हातातली परात तशीच राहिली. "असलं नाव ठेवतात का पोरीला?" सर हसले. "अगं, नावानं काही होत नसतं."

बायकोनं ते नाव कधी पूर्ण उच्चारलं नाही. तिनं त्याचं पेशू करून टाकलं. तेवढी हाक मारेपर्यंत दूध उतू जातं, असं कारण सांगायची; खरं कारण तिच्यापाशी.

पेशू मोठी झाली ती अंबाड्यात पेन्सिल खोचूनच. उभ्या उभ्या पातेल्यातून जेवायची, गणित अडलं की 'थांबा, पुन्हा बघू' म्हणायची, आणि पायरो संध्याकाळी जेवायला टपकला की त्याच्याकडून अपूर्णांक करून घेऊन मगच त्याला ताट वाढायची. तो कला शाखेचा, त्याला अपूर्णांकांचं करायचं होतं काय? पण मुकाट करायचा. कशाचीच खात्री नसलेल्या त्या पोराला एका गोष्टीची खात्री होती, हे घरातल्या सगळ्यांना दिसत होतं. सर सोडून.

ती शिकायला दुसऱ्या शहरात गेली आणि सुट्टीला घरी येताना तिची बस उलटली. निरोप कॉलेजात आला. शिपाई वर्गाच्या दारात उभा राहिला, सर बाहेर गेले, त्यानं जे सांगायचं ते सांगितलं. सर परत आत आले, फळ्यापाशी गेले आणि तास पूर्ण केला. घंटा होईपर्यंत शिकवलं. मग डस्टर जागेवर ठेवून घरी गेले.

असं का केलं, हे त्यांना कधीच सांगता आलं नाही. पाय आपोआप फळ्याकडे वळले, तोंड आपोआप चालू झालं, एवढंच त्यांना आठवतं. पण भेटायला आलेल्या एका विद्यार्थ्यानं भारावून जाऊन पेशूच्या आईला सांगितलं, "काय धीर म्हणायचा सरांचा! कळल्यावरसुद्धा तास सोडला नाही." त्या बाईनं नवऱ्याकडे एकदा बघितलं. "तुम्हाला माहीत होतं? आणि तुम्ही शिकवत होतात?" सरांनी काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि दुर्दैवानं त्यातून एक विचार बाहेर पडला. मृत्यूबद्दलचा. चांगला, जुना, मान्यवर विचार. त्यानंतर त्या बाईनं संसार केला, दुखणीखुपणी काढली, नवऱ्याचे शर्ट वेळच्या वेळी इस्त्री केले, पण त्याच्याशी मोकळेपणानं कधी बोलली नाही.

सर निवृत्त झाले, त्यांच्या मागोमाग विषयही बंद झाला, आणि काही वर्षांनी बायको विसरायला लागली. आधी भाज्यांची नावं गेली, मग गॅस बंद करायचं गेलं, मग वर्षंच्या वर्षं गेली. त्यात पेशूचं मरणही गेलं. पेशू मात्र राहिली. दिवे लागले की बाई अस्वस्थ व्हायची. "पेशू कुठाय? अंधार पडला की." सरांना खोटं बोलता येत नसे हे आधी सांगितलंच आहे. ते म्हणायचे, "अगं, ती नाही आता आपल्यात." आणि ती बाई पहिल्यांदाच ऐकल्यासारखी कोसळायची. दिवसभर तिला सांभाळायला एक मावशी येत असत. त्या एकदा सरांना स्वयंपाकघरात गाठून म्हणाल्या, "सर, रोज रोज नका हो मारू त्या पोरीला." तेव्हापासून सर त्या प्रश्नाला उत्तर द्यायचे नाहीत. नुसते गप्प राहायचे. बाई विचारत राहायची, ताटाला हात लावायची नाही, आणि दिवसेंदिवस वाळत चालली.

मग अचानक सगळं शांत झालं. मावशींनी संध्याकाळी कुठलीशी मालिका लावायला सुरुवात केली आणि त्या वेळात बाई मुकाट जेवायला लागली. सरांना हायसं वाटलं. मालिका सुरू झाली की ते आतल्या खोलीत जायचे, दार ओढून घ्यायचे, कानात कापसाचे बोळे घालायचे आणि पुस्तक उघडायचे. बाहेर काय चाललंय, ती का जेवते, कशाकडे बघून जेवते, हे त्यांनी विचारलं नाही. आयुष्यभर 'का' हा एकच शब्द विकून पोट भरलेला माणूस, पण घरात तो शब्द त्याला सुचला नाही.

मालिका पायरोची होती. त्यानं लिहिलेली. टेकडीवरची एक वेधशाळा, तिथला विसरभोळा संचालक. त्याला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत म्हणून तो नोकरीवर आलेल्या प्रत्येकाला एका जुन्या तत्त्वज्ञाचं नाव देतो. थेलिस, डायोजेनिस आणि तारे मोजणारी एक मुलगी, हायपेशिया. पायरोनं फोनवर हे भीत भीत सांगितलं होतं. सर म्हणाले, "चांगलंय," आणि विषय बदलला. मालिका म्हणजे रडारड आणि भरजरी साड्या, एवढंच त्यांचं त्या विषयातलं ज्ञान, आणि ते वाढवायची त्यांची इच्छा नव्हती.

मालिका गाजली तेव्हा एका वर्तमानपत्रात काम करणारी मुलगी सरांकडे आली. 'या नावांमागचे खरे तत्त्वज्ञ' असा तिला लेख करायचा होता. सरांना कुणी काही विचारून जमाना झाला होता. त्यांनी तिला बसवून घेतलं आणि असे काही सुटले, की बिचारीचा चहा निवून गेला. बोलता बोलता तिनं सांगितलं, की मालिकेच्या शेवटी हायपेशियाचं लग्न होणार असं ऐकू येतंय. सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "लग्न? अहो, त्या बाईला जमावानं ठेचून मारलं. नाव उसनं घेता आणि मरण तेवढं टाळता? ही शुद्ध लबाडी आहे. नाव घ्यायचं तर त्याचं ओझंही घ्या."

ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापून आलं. लोकांनी ते एकमेकांना पाठवलं, त्यावर भांडले. सरांना अनोळखी माणसांचे फोन आले. त्यांनी कात्रण कापून आतल्या खोलीच्या कपाटावर चिकटवलं आणि येता-जाता त्याच्याकडे बघायला लागले. त्या दिवसांत सर फार खुशीत होते. हे सांगताना माझाच जीव वरखाली होतोय, पण खुशीत होते हे खरं आहे.

त्यानंतर मावशींची बहीण आजारी पडली आणि त्या गावी गेल्या. जाताना एवढंच सांगून गेल्या, की मालिका लावल्याशिवाय घास भरवू नका. सरांनी संध्याकाळी भात कालवला, टीव्ही लावला आणि बायकोशेजारी खुर्ची ओढून बसले.

पडद्यावर एक मुलगी दुर्बिणीला डोळा लावून पाठमोरी उभी होती. अंबाड्यात पेन्सिल. ती वळली, वहीकडे बघून कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, "थांबा, पुन्हा बघू."

सरांच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"आली बघा," बायको म्हणाली. तिचा चेहरा इतका सैल झालेला सरांनी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. "आज केस बांधलेत नीट. नाहीतर झिपऱ्या नुसत्या." तिनं तोंड उघडलं, घास घेतला, चावला, गिळला. पडद्यावरची मुलगी पातेल्यातून उभ्या उभ्या काहीतरी खायला लागली. "बसून खा गं," बायको ओरडली. मग सरांकडे वळून म्हणाली, "ऐकत नाही. बापावर गेलीय."

सरांनी भरवलं. चेहरा वेगळा होता, आवाज वेगळा होता, पण बाकी सगळं पायरोनं उचलून तिथं ठेवलं होतं; त्यांच्या घरातून, त्यांच्या ताटावरून. सर आतल्या खोलीत कानात बोळे घालून बसले होते आणि त्यांची मुलगी रोज संध्याकाळी बाहेरच्या खोलीत येऊन जात होती. ते तिच्या आईला माहीत होतं, मावशींना माहीत होतं, गावाला माहीत होतं.

भाग संपला आणि पुढची झलक आली. मशाली, धावणारी माणसं, तुटलेलं दार. मागून भारदस्त आवाज: तिनं ते नाव घेतलं आहे, आता त्या नावाचं ओझं तिला पेलेल का? सरांनी झटकन टीव्ही बंद केला. बायकोला त्यातलं काही कळलं नव्हतं. ती पदरानं तोंड पुसत होती.

दुसऱ्या दिवशी बायकोपाशी शेजारणीला बसवून सर चित्रीकरणाच्या जागी गेले. एक लांबलचक पत्र्याची शेड, तिच्यात प्लायवुडची वेधशाळा. तिचा निम्मा घुमट उतरवलेला होता आणि दोन सुतार त्यातले खिळे उपटून डब्यात टाकत होते. पायरो एका खोक्यावर बसला होता. आता पोट सुटलेलं, केस पांढरे, पण सरांना बघून वर्गातल्यासारखाच उभा राहिला.

"ती कोण आहे ते मला काल कळलं," सर म्हणाले.

पायरोनं आपलं खोकं सरांकडे सरकवलं.

"तिची आई तिला बघून जेवते रे. तिला वाटतं, पेशूच येते. तू ते मारामारीचं काढून टाक. लग्न लाव तिचं. काय करायचं होतं ते कर."

"माझं लग्नाचं नव्हतंच सर," पायरो म्हणाला. "ती दुर्बीण घेऊन लांब निघून जाणार होती. एवढंच. दार उघडं ठेवून. लग्नाचं पेपरवाल्यांनी उठवलं." त्यानं सुतारांकडे बघितलं. "तुमची मुलाखत चॅनेलवाल्यांनी वाचली. मला बोलावून घेतलं. म्हणाले, तुझेच सर म्हणतायत. हा शेवट जबरदस्त आहे. मी भांडलो हो सर. ते मला तुमचंच वाक्य वाचून दाखवायचे. तुमच्यापुढे मी काय बोलणार?"

"पण मी..." सर म्हणाले.

"सगळं चित्रित झालंय. सेट उतरतोय, बघताय ना. ते लिहिताना मी..." पायरोनं चष्मा काढला आणि पुसला, आणि पुसतच राहिला. "मी तिला दुसऱ्यांदा मारली सर. पहिल्या वेळी निदान माझा हात नव्हता."

जाताना त्यानं जुने सगळे भाग एका पेन ड्राइव्हमध्ये घालून दिले. "हे लावत जा. शेवटचे त्यात नाहीत." मग चाचरत म्हणाला, "ते काम करते ती मुलगी फार चांगली आहे. मी विचारलं तर घरी येईल. काकूंना भेटून जाईल."

"घरात नाटक नको," सर ताठपणे म्हणाले. एवढं होऊनही.

त्या आठवड्यात सरांनी कडेकोट बंदोबस्त केला. केबलची वायर काढून ठेवली, वर्तमानपत्र बंद केलं, शेजारणीला दारातूनच कटवलं. संध्याकाळी पेन ड्राइव्ह लावायचा आणि पेशूला घरी आणायची. बायको जेवत होती. कुठला भाग आधीचा, कुठला नंतरचा, याचं तिला काहीच नव्हतं. सरही शेजारी बसून बघायचे. मग सवय झाली. एका संध्याकाळी बायको शांत बसलीय असं बघून ते उठून आतल्या खोलीत गेले, नुसतं एक पान बघायला. दुसऱ्या दिवशी दोन पानं. माणसाची खोड जाता जात नाही. पुढच्या आठवड्यात कापसाचे बोळेही परत आले.

मावशी गावाहून आल्या तेव्हा सर आतूनच म्हणाले, "टीव्हीला ते बारकं लावलंय, तेच चालू द्या." वायर का काढली, ते बारकं का लावलं, काय झालं तर काय होईल, यातलं काहीएक त्यांनी सांगितलं नाही. साध्या गोष्टीवर तासभर बोलणारे सर, आणि इथं एक ओळ पुरे झाली असं त्यांना वाटलं. मावशींचे गावी सगळे शेवटचे भाग हुकले होते. बाईंच्या पेशूचं पुढे काय झालं हे कळायला त्यांचाही जीव टांगणीला लागला होता. त्यांना वाटलं, वायर निघून पडली असेल, सरांना कुठलं कळतंय. त्यांनी ती जोडली. त्या दिवशी लोकाग्रहास्तव शेवटचा भाग पुन्हा दाखवत होते.

बोळ्यांतूनही सरांना जमावाचा आवाज आला. ते धावत बाहेर आले. पडद्यावर मशालींचा धूर होता आणि जमिनीवर एक पेन्सिल पडलेली होती, तिच्यावरून पाय जात होते. मावशी तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या. त्यांना बंद करायचंही सुचत नव्हतं. सरांनी टीव्हीची पिनच उपटून काढली.

बायको खुर्चीत सरळ बसली होती. ती रडत नव्हती. तिनं मान वळवून सरांकडे बघितलं, आणि ते बघणं इतकं स्वच्छ होतं, की आजार मधे कधी झालाच नव्हता असं वाटावं.

"तुम्हाला माहीत होतं?" तिनं विचारलं.

सर म्हणाले, "हो."

मग ती रडली. आधी हळू, मग अशी, की शेजारपाजारचे दारात जमा झाले.

रात्री तिला गोळी देऊन झोपवली. सर मनाशी म्हणत होते, सकाळी विसरेल. आजवर सकाळी काय राहिलंय तिच्या डोक्यात? आज काय वार, चहा झाला की नाही, हे घर कुणाचं, काहीच राहत नाही. हेही जाईल. देवाचं नाव कधी न घेतलेला माणूस विसराळूपणाची करुणा भाकत बसला. सकाळी मावशींनी पेन ड्राइव्ह लावला. पेशू पडद्यावर आली, अंबाड्यात पेन्सिल, 'थांबा, पुन्हा बघू.' बायकोनं नजर फिरवली. "ही कोण?" ती म्हणाली. "बंद करा. आमच्याकडे दुःख झालंय."

सगळं विसरणारी बाई ही एक गोष्ट विसरेना. दुसऱ्या दिवशीही नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. स्वतःचं नाव तिला सांगता येत नव्हतं, पण मुलगी गेली हे पक्कं ठाऊक होतं. ती ताट सरकवून द्यायची. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, आणि ताकदीची औषधं लिहून दिली.

सरांनी शेवटी हात टेकले आणि पायरोला फोन लावला. "त्या मुलीला विचारतोस का?" त्यांनी विचारलं. ताठपणाचं आता नावही उरलं नव्हतं.

ती आली. दुसऱ्या कामासाठी तिनं केस कापले होते, तरी बिचारीनं कुठून तरी खोटा अंबाडा लावून, त्यात पेन्सिल खोचून आणली होती. पायरो दाराबाहेर जिन्यावरच बसून राहिला, आत यायचा त्याला धीर होईना. मुलगी सरांच्या बायकोपुढे गुडघ्यांवर बसली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आई, मी आले."

बायकोनं तिच्याकडे नीट निरखून बघितलं. तिच्या आठवणीचं दार उघडतंय की काय असं सरांना वाटलं. मग बायकोनं तिच्या गालावरून हात फिरवला.

"तिची मैत्रीण का गं तू?" ती म्हणाली. "बरं केलंस आलीस. तीही अशीच पेन्सिल लावायची."

मुलगी उठली आणि बाहेर जाऊन जिन्यावर पायरोशेजारी रडत बसली. सरांनी दोघांना पाणी नेऊन दिलं. दुसरं काही त्यांच्याजवळ नव्हतं.

मावशी आता दिवसभर असतात, पण संध्याकाळी बायकोशेजारी सर बसतात. टीव्हीवर कापड टाकलंय. आतल्या खोलीचं दार उघडं असतं, तिथं कुणी जात नाही. कपाटावरचं कात्रण सरांनी ओरबाडून काढलं, त्याचा चिकटवलेला कोपरा मात्र निघाला नाही. सर वाटीत पेज घेतात, चमचा पुढे करतात, ती तोंड मिटून घेते. मग ते वाटी खाली ठेवतात आणि थोड्या वेळानं पुन्हा उचलतात.

परवा अशीच वाटी खाली ठेवली तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही रोज येता बसायला. घरी कुणी वाट बघत असेल की तुमची."

"नाही," सर म्हणाले. "कुणी नाही."

तिनं टीव्हीवरच्या कापडाकडे बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिच्या वडिलांना कुणी कळवलं का हो?"

सरांनी वाटी पुन्हा उचलली.

"नका कळवू," तीच म्हणाली. "त्यांचा तास चालू असेल आत्ता. तो संपल्याशिवाय ते यायचे नाहीत."

सरांच्या हातून वाटी कलंडली, पेज लुगड्यावर सांडली. त्यांनी पुसायला फडकं उचललं आणि ते फडकं स्वतःच्याच तोंडावर दाबून धरलं. त्या दिवशी वर्गातून निघाल्यापासून आजपर्यंत जे आलं नव्हतं ते आलं, आणि थांबेना. एक म्हातारा माणूस खुर्चीत वाकून लहान पोरासारखा हमसाहमशी रडत होता. स्वयंपाकघरातून मावशी आल्या आणि दारातच थबकल्या.

बायकोनं हात पुढे केला आणि त्यांच्या पाठीवर ठेवला. कितीतरी वर्षांनी तो हात तिथं आला होता. ती हळूहळू थोपटत राहिली.

"उगी," ती म्हणाली. "तुम्ही कशाला एवढं लावून घेता? तुमची कोण होती ती?"